दोन सुलट, दोन उलट
डांबरगोळ्यांचा वास आला की माझ्या काळजात अजून धस्स होतं. मोहालीतल्या आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर तेव्हा जानेवारीचं कोवळं ऊन होतं. साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आलेली आई हळूहळू विसरायला लागली होती. डॉक्टर म्हणाले होते, हातांना काहीतरी नवं शिकवा, डोकं जागं राहील. म्हणून शेजारच्या पंजाबी आंटी तिला रोज उन्हात बसवून विणकाम शिकवत. त्या दिवशी मी बाजूला शेंगा सोलत होते. ट्रंकेतून काढलेल्या, डांबरगोळ्यांचा वास येणाऱ्या लोकरीने माझ्या निळ्या स्वेटरची बाही विणता विणता आईच्या सुया थांबल्या. तिने लोकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच विचारलं, "अहो बाई, हे कुणाचं विणतेय मी?" आईने मला जन्मात कधी अहो म्हटलं नव्हतं. आंटींना मराठी कळत नव्हतं. त्यांना वाटलं, ही टाके विसरली. तिच्या हातावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "दो सीधे, दो उल्टे, बहनजी." बोटं चालू लागली. ओळ संपली तशी आई नेहमीच्या आवाजात म्हणाली, "हात लांब कर गं, माप घेऊ दे." आता आई नाही, आणि साठी ओलांडल्यावर मीही सुया हातात घेतल्यात. परवा विणताना मुलगी दारातून ओरडली, "मम्मा, इधर तो देखो!" ओळ संपेपर्यंत मी मान वर केली नाही. वर पाहिलं आणि ही कोण, असं वाटलं तर?