खांद्यावरची चार बोटं

साल २०१५. मी अडुसष्ट वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, पण हट्टात कुणाला हार गेलो नाही. पुतण्याच्या लग्नपत्रिकेत माझं नाव खाली छापलं, म्हणून धाकट्या भावाशी, दत्तूशी, सहा वर्षं बोलणं बंद होतं.

वडिलांसोबत आम्हा दोघांचा एकच फोटो. कागद वाळवीनं खाल्ला, मोबाइलात तेवढा उरलेला. तो घेऊन स्टुडिओवाल्या सुनीताकडे गेलो.

"हा डावीकडचा काढून टाक."

"क्रॉप करते, काका. म्हणजे कडेनं कापते."

दत्तू गेला. पण वडिलांच्या खांद्यावर त्याची चार बोटं राहिली.

"ती मोठी कर बघू."

तिनं झूम केलं, तर नुसते करडे चौकोन. "हे पिक्सेल. फोटो यांचाच बनतो, फार ताणला की असे उघडे पडतात."

चौकोनांत बोटं कुठली दिसायला! पण हाच हात धरून मी त्याला शाळेत न्यायचो.

"पोरी, कापलेला परत येतो का गं?"

"कात्री थोडीच लावलीय, काका? कापली ती कॉपी. मूळ फोटो तसाच आहे." तिनं बटण दाबलं आणि दत्तू जागेवर उभा!

जीव भांड्यात पडला. आम्ही माणसं तोडत आलो ती कागदासारखी, एकदाच आणि कायमची. इथं कापण्याआधी मूळ बाजूला ठेवतात, हे मला फार आवडलं.

अख्खा फोटो छापून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळीच दत्तूच्या दारात गेलो आणि तो "ये" म्हणायच्या आधीच चपला काढल्या.