त्याच्या वजनाचं पोतं

"काढ जोर. मंग साल ठरवू," मालकाचा पोरगा म्हने.

पाडवा होता. आमच्या भीमपूरकडच्या गावाईत सालगडी पाडव्याले ठरते. तिथून वर्षभर तो मालकाच्या घरचा. माहा बाप जन्मभर त्याच घरी राबला, थकला, म्हनून मले पुढं केलं. मालकाच्या पोरानं आदिलाबादच्या जिममधी जाऊन दंड फुगवले होते. ओट्यावर त्याचे दोस्त. मी अंगनात पालथा झालो आन तो माह्या पाठीवर बसला.

एक बी जोर निघाला नाही. तोंड मातीत. कोंबड्याईची घान नाकात. "और नीचे, और नीचे," दोस्त मोबाईल धरून वरडत होते. तो म्हने, "मायचं दूध पेला नाही का बे?" सारे हासले. माहा बाप बी हासला. हात जोडून हासला. ते हासनं मले अजून पचलं नाही.

"गरीब हाय, छोटे मालक. शिकन," बाप म्हने. साल ठरलं.

मी पेटलो. मोबाईलवर एक बाई हिंदीत सांगे, पहिले भिंतीले हात लावून जोर काढा. काढले. भिंतीचे पोपडे पडले, मायनं शिव्या घातल्या. मंग ओट्याच्या काठावर हात ठेवून. मंग जमिनीवर गुडघे टेकून. वावरात निंदनीचा डवरा हाकून आलो का पहिले जोर, मंग भाकर. "काऊन मरून राह्यला रे?" माय म्हने. पोळ्यापावतर पाय सरळ ठेवून जमाले लागलं. कापूस उलंगला, वेचनी सरली, तवा माय आन भाऊ मिळून सरकीचं पोतं पाठीवर ठेवत. अदमासानं मालकाच्या पोराच्या वजनाचं. पोत्यासकट बी वर आलो. वाटलं, ये आता बेट्या.

पाडवा आला. तेच अंगन, तेच दोस्त.

"चाल, पाहू या खेपेस."

मी हात टेकले. त्यानं पाय माह्या आंगावरून टाकला, आन तवा डोक्यात उजेड पडला. भैताडा, वर्षभर तू याले वाह्याचीच तयारी करून राह्यला. पोतं बी त्याच्याच मापाचं घेतलं. याले घेऊन वर आलो असतो त त्यानं टाळ्या वाजवल्या असत्या, आन उद्या दोघं बसले असते.

मी उठलो. "नाही काढत."

"काऊन बे?"

"पाठीवर कोनाले बसू देत नाही."

मंग माहा बाप पुढं आला. "पोरगं येडं हाय, छोटे मालक. मी काढतो." आन तो म्हातारा मानूस मातीत पालथा पडला. मालकाच्या पोराले लाज वाटन असं वाटलं मले. त्यानं हासत बसाले पाय उचलला.

मी दोन्ही हातानं त्याच्या छातीवर रेटा देल्ला. तो ओट्यावर जाऊन आदळला.

त्याईनं मले ठोकलं. लय लागलं, खोटं काऊन सांगू. साल गेलं. बाप रस्ताभर मलेच शिव्या देत आला, "तुह्यापायी चूल इझली." तवापासून बोलत नाही.

नको बोलू. मी तलमडुग्याकडच्या वावराईत रोजीनं जातो. सकाळी जोर काढतो, बाप तोंड फिरवून बसते. परवा माय म्हने, बाप माफी मागाले जातो म्हनते, छोट्या मालकापुढं पालथा पडतो म्हनते. जाऊन दाखव म्हना. माह्या घरचं कोनी त्या अंगनात पालथं पडनार नाही. बाप निघाला त बापाले बी मी दारातच आडवीन, आन त्यानं हात उचलला त तो हात बी धरीन.