निवासात आई आली

चारही पोरांच्या कपाळाला हळद होती. एकाच्या असती तर मी बघितलंही नसतं. पण चार वेगवेगळ्या गावांची पोरं, सकाळी डे-केअरमध्ये ओळीनं बसलेली, आणि सगळ्यांच्या कपाळाला एकाच हातानं लावल्यासारखी हळद. त्यांच्या आया मला सोडून सगळीकडं बघत होत्या.

"काय होतं काल? कुणाचं लग्न?"

"देवाचं हाय सिस्टर," एक म्हणाली. बाकीच्यांनी पदर तोंडाला लावला.

मी सोलापुरातल्या एका हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. म्हणजे एकाचा रोग दुसऱ्याला लागू नये हे बघणारी बाई. दिवसभर लोकांना हात धुवायला सांगायचं, आणि त्यांनी 'झालं हिचं सुरू' असं तोंड करायचं, एवढंच काम. डे-केअरमध्ये रक्ताच्या कॅन्सरची मुलं येतात, केमोचं सलाईन घेतात आणि दुपारी परत जातात. पण गावं लांब आणि उपचार महिनोन्महिने चालणारे. म्हणून हॉस्पिटलच्या मागं त्यांच्या घरच्यांसाठी निवास आहे. एक मोठा हॉल, त्यात प्लायवूडचे आडोसे, आडोशाला दाराऐवजी पडदा, आणि सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर.

केमोनं या मुलांच्या पांढऱ्या पेशी खाली जातात. पांढऱ्या पेशी म्हणजे अंगातले राखणदार. तेच नसले की साधी सर्दीही जिवावर बेतते. म्हणून ताप, खोकला, पुरळ असलेल्या माणसाला निवासात प्रवेश नाही, अशी पाटी दारावरच लावलेली आहे.

मी तशीच निवासात गेले. मॅनेजर बिराजदार पाटीखाली खुर्ची टाकून पेपर वाचत होते.

"नवीन कोण आलंय?"

"कोण नाही की. वळसंगच्या समर्थची आजी तेवढी आलीय, धाकट्या नातीला घेऊन. घरचीच माणसं, मी काय अडवणार?"

"नातीला बघितलंत?"

"पांघरुणात गुरफटलेली होती. म्हटलं झोपली असंल."

हॉलमध्ये पाय टाकला आणि कडुलिंबाच्या पाल्याचा उग्र वास आला. कोपऱ्यातल्या आडोशाचा पडदा बाजूला केला. पांढऱ्या धोतरावर लिंबाचा पाला पसरलेला, त्यावर चार-पाच वर्षांची पिंकी निजलेली. तोंडावर, पोटावर, पायांवर पाण्यानं टरारलेले फोड. उशाशी हळदीकुंकवाचं ताट, दहीभाताची वाटी. शेजारी तिची आजी नागव्वा मांडी घालून बसली होती.

कांजिण्या. निवासात.

"पाया पड की सिस्टर," नागव्वा म्हणाली. "आई आलीया."

आमच्याकडं कांजिण्यांना रोग म्हणत नाहीत. देवीच अंगावर आली असं मानतात. औषध द्यायचं नाही, पाल्यावर निजवायचं, घरात फोडणी घालायची नाही, थंड नैवेद्य दाखवायचा. मला लहानपणी आल्या तेव्हा माझ्या आईनंही हेच केलं होतं. धडधाकट पोराला आठ-दहा दिवस खाज सुटते आणि खपल्या पडतात. पण केमो घेणाऱ्या पोराला कांजिण्या झाल्या तर त्या फुफ्फुसात उतरतात, मेंदूत उतरतात. आणि पसरतात हवेतून. पडदा लावून अडत नाहीत.

मला वाटलं, म्हातारी इथं आली आणि मग पोरीला फोड आले असतील. भिऊन लपवलं असेल.

"फोड इथं आल्यावर दिसले का?" मी विचारलं.

"न्हाय की. गावातच आली आई. म्हनून तर हिला हितं आनली."

"म्हणून म्हणजे?"

"समर्थला एवढ्या सुया टोचता, गुन कुटं हाय? आई गावात येती. तुमच्या दवाखान्यात कुटं यील ती? म्हनून मीच घिऊन आले. पोराला तिच्या पायावर घातलं. बाकीच्या बायांनीबी आपली लेकरं आनली. मी कुनाला न्हाई म्हनले न्हाय."

मी खाली फरशीवर बसले. या नोकरीत काय काय बघितलंय. एकाच टॉवेलनं पाच जणांना पुसणारा जावई बघितलाय, ऑपरेशनच्या जखमेवर अंगारा बघितलाय. पण नातवाला बरं वाटावं म्हणून त्याचं मरण एसटीत मांडीवर घेऊन आलेली आजी मी बघितली नव्हती. आणि तिचा चेहरा असा समाधानी की मला तिच्यावर ओरडताही येईना.

बाहेर येऊन बिराजदारांवर ओरडले. ते हाताशी होते. मग डे-केअरच्या डॉक्टर मॅडमना फोन करून सांगितलं.

"कितीजण आत गेले?"

"चार, निवासात सध्या आहेत तेवढी सगळी. फोडांवर डोकं टेकवून पाया पडलेत."

पलीकडं फाईलची पानं उलटल्याचा आवाज आला. "मॅडम?"

"समर्थचे पेशींचे काउंट सगळ्यांत खाली आहेत," मॅडम हळू म्हणाल्या. "इंजेक्शन पुण्याहून मागवते. तू आधी त्या मुलीला तिथून हलव."

हे इंजेक्शन म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली तयार ताकद. रोग अंगावर दिसायच्या आत दिलं तर उपयोग, पण खात्री तेव्हाही नाही.

पोरीला हलवायचं तर नागव्वा उठली पाहिजे. आईला असं उठवत नाहीत, कोप होतो, म्हणून ती ठाण मांडून बसलेली.

"नागव्वा, गावात आई आली की दाराला काय बांधता?"

"लिंबाचा डहाळा."

"कशाला?"

"भाईरच्यानं आत येऊ न्हाई म्हनून. विटाळ चालत न्हाय तिला."

"मग इथं दार कुठंय?"

तिनं पडद्याकडं बघितलं. तिचा चेहरा पहिल्यांदा जरा उतरला.

"मागं अंगणात एक खोली आहे, तिला दार आहे. डहाळा मी स्वतः बांधते."

"सवळं पाळशील?"

"बाई, माझ्याइतकं सोवळं अख्ख्या सोलापुरात कुणी पाळत नसेल. मी डॉक्टरांनासुद्धा हात धुतल्याशिवाय आत सोडत नाही."

ती उठली. पिंकीला पदराखाली घेतलं आणि चालायला लागली. मी पुढं, हातात डहाळा.

समर्थची आई रेणुका मागून व्हरांड्यात आली. "मी सासूबाईस्नी म्हनले हुते, समर्थला नगं. पर मलाबी वाटलं, असंलबी. गुन आला तर आला." मग माझा हात धरून म्हणाली, "सिस्टर, पोरगं जाईल का माझं?"

नाही, असं म्हणायचं फार मनात होतं. "माहीत नाही गं," मी म्हणाले.

इंजेक्शन आलं, चौघांनाही दिलं. चौघंही वेगळ्या खोल्यांत. मग वाट बघणं. रोज सकाळी पोरांचे सदरे वर करून पोटं बघायची. तिघं कोरडी राहिली. समर्थला एके सकाळी ताप आला, बेंबीच्या बाजूला फोड दिसला, संध्याकाळपर्यंत पाठ भरली. सलाईनमधून औषध सुरू केलं. त्याला धाप लागायला लागली. मॅडमनी एक्स-रे उजेडात धरला आणि परत पाकिटात घातला. कांजिण्या फुफ्फुसात उतरल्या, हे मी समजून चुकले.

पण पोरगं चिवट निघालं. औषध लागू पडलं, धाप कमी झाली, फोड सुकले. ज्या दिवशी त्यानं भजी मागितली त्या दिवशी मी चादरींच्या खोलीत जाऊन रडले. तिथं आवाज बाहेर येत नाही.

घरी जाताना नागव्वानं दहीभाताचा नैवेद्य केला आणि हॉलमधल्या बायांना गोळा केलं. "बगा. आई आली, पोराच्या अंगावरनं गेली, पोरगं वाचलं. म्या म्हनले न्हवते?"

इंजेक्शन, सलाईन, मॅडमची जागरणं, सगळं आईच्या नावावर जमा. मी समजवायला गेले तर तिनं माझ्याच कपाळाला हळद लावली.

"जाऊ दे," मॅडम म्हणाल्या. "श्रेय कुणाला का मिळेना."

"श्रेयाचं काही नाही मॅडम. बातमी गावोगाव जाईल."

आणि गेली. परवा उजनीकडच्या एका गावचा माणूस माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्याची मुलगी डे-केअरला नवीनच आहे.

"सिस्टर, एक इचारायचं हुतं. आमच्या भावकीतल्या पोराला आई आलीया. वळसंगच्या आजीनं केलं तसं करू म्हन्तो. आत आनू का त्याला?"

"कुठाय तो पोरगा?"

"भाईर रिक्षात बसलाय की."

मी मास्क उचलला आणि जिन्याकडं पळाले. पळतानाच मनात आलं, यानं निदान विचारलं तरी. नागव्वानं विचारलं नव्हतं. आमच्या कामात सुधारणा म्हणतात ती एवढीच असते.