बाबांचं बीपी आणि पोतंभर आवळे

आमच्या घरात बीपी एकट्या बाबांना होतं. ते वाढवायची जबाबदारी तेवढी मी घेतली होती.

बाबा घुग्घुसच्या कोळसा खाणीत डंपर चालवायचे. खाणीच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि बजावलं, "महिनाभरात बीपी उतरलं नाही तर डंपर बंद. कॅन्टीनमध्ये हलकं काम." आता कॅन्टीनचे सुपरवायझर कोण? आमचे व्याही, म्हणजे ताईचे सासरे! पोरीच्या सासऱ्याच्या हुकमावर कपबश्या विसळायच्या?

"मले मारून टाका," बाबा म्हणाले, "पन त्या मानसाच्या हाताखाली नोका धाडू!"

मी तेव्हा धानोऱ्याला शाळेत विज्ञान शिकवत होतो. पेपरच्या पुरवणीत नेमका बीपीवरच लेख वाचला होता. (अर्धाच. उरलेल्या अर्ध्यात भजी बांधून आली होती.) रविवारी घरी आलो आणि फळा नसतानाही सुरू झालो.

"बाबा, रक्ताचा दाब मेंदू सांभाळतो. मेंदूत आतून गंजल्यासारखं झालं की ताबा सुटतो, दाब चढतो. अँटिऑक्सिडंट तो गंज थांबवतात!"

"डंपरले गंज चढते, मले माहीत हाये. डोस्क्याले बी चढते काय बे?"

"उंदरांच्या मेंदूवर प्रयोग झालेत!"

"म्हंजे तुहा बाप उंदीर?" आई चुलीजवळून ओरडली. "गपचूप डॉक्टरची गोळी खा म्हना त्याइले!"

गोळी खाच, वर आवळेही खा, असा मी निकाल दिला. आवळ्यात अँटिऑक्सिडंट भरपूर, आणि धानोऱ्याच्या जंगलात आवळ्यांना काय तोटा! पोतंभर आणले, स्वतः बसून फोडी केल्या, टिकाव्यात म्हणून नीट मुरवून वाळवल्या. बाबांना तर चटकच लागली. डंपरमध्ये डबा, उशाशी डबा, गोळीसुद्धा आवळ्यासोबत!

"याले म्हनतेत औषध! फक्त तहान लय लागून राह्यली बे."

"गंज धुऊन निघतोय, बाबा," मी म्हणालो.

महिना झाला. मीही सोबत गेलो, श्रेय घ्यायला. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला. परत फुगवला.

"भाऊ, हे तर आधीपेक्षा जास्त आहे! खाता तरी काय?"

बाबांनी ऐटीत डबा उघडला. "अँटिऑक्सिडंट! पोरगं विज्ञानाचं मास्तर हाये ना!"

डॉक्टरांनी एक फोड तोंडात टाकली आणि डोळे गच्च मिटले. "मास्तर, यात मीठ किती घातलं?"

"टिकायला लागतं तेवढं," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे देवा!

"उंदराइले बी मीठ लावूनच देल्लं होतं काय बे?" बाबांनी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की तेव्हा पट्टा बांधलेला असता तर फाटलाच असता. मग डबा बंद करत हळूच म्हणाले, "साहेब... माहा डंपर?"

मला खरंच रडू आलं. ते बघून म्हणा, नाहीतर आवळ्याच्या गुणानं, डॉक्टर विरघळले. पंधरा दिवसांची मुदत वाढवली आणि पथ्य सांगितलं, "गोळी रोज. मीठ कमी. आणि या मास्तरांचं ऐकणं बंद."

पंधरा दिवसांत बीपी उतरलं, डंपर वाचला. पुढं बाबा एखाद्या सकाळी गोळी विसरायचे, आईची नजर चुकवून लोणच्याचा खारही चाटायचे. तिसरं पथ्य मात्र त्यांनी आजवर एकदाही मोडलेलं नाही!