झुंबरशेठचा मधला साचा

एक्याऐंशी सालच्या सुमारास कुंभार पिंपळगावच्या बाजारात झुंबरशेठचा हात रुमालाखाली गेल्याशिवाय तुरीचं पोतं गाडीतून खाली उतरत नसे. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला व्यापारी आणि मधे मांडी घालून शेठ. शेतकऱ्याने रुमालाखाली शेठची बोटं दाबून भाव सांगायचा, मग शेठने तोच रुमाल व्यापाऱ्याच्या हातावर टाकून त्याची बोटं दाबायची. दोघे हाताच्या अंतरावर बसलेले असत, कधीकधी एकाच ताटात जेवलेले असत, पण भाव एकमेकांना तोंडाने सांगणं हा शुद्ध अडाणीपणा समजला जाई. दोन माणसं मधल्याशिवाय बोलली की भांडण ठरलेलं, असं शेठचं ठाम मत होतं. भांडणं तरीही होत, पण मग ती मिटवायलाही शेठच असत.

पुढे उघडा लिलाव आला, त्याच्यामागून खिशाखिशात मोबाइल आला. शेतकरी बांधावरून जालन्याच्या मोंढ्यात फोन करून भाव विचारू लागला. ‘थेट’ हा शब्द शेठला शिवीसारखा लागू लागला. रुमाल चष्मा पुसण्याच्या कामी आला आणि घराच्या पुढच्या खोलीत जिथे त्यांची गादी होती, तिथे पुतण्या बजरंगलालने तीन कॉम्प्युटर मांडून कॅफे काढला. शेठ तिथेच एका खुर्चीवर बसून असत. गादी गेली तरी जागा सोडायची नाही, एवढं व्यापारी माणसाला कळतं.

दोन हजार आठमध्ये त्या कॅफेत बेबीनंदा मॅडम येऊ लागल्या. त्या गावातल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत. पंचक्रोशीतल्या गावांचा एक विकी त्यांनी सुरू केला होता, नाव परिसरकोश. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, असा त्याचा कायदा. प्रत्येक गावाच्या पानावर वर एक चौकट होती : ‘आज बाजार कुठे?’ चौकटीसाठी त्यांनी साचा केला होता. साचा म्हणजे काय, हे त्यांनी शेठला समजावलं. एका जागी लिहायचं, सगळी पानं त्या जागेला विचारून तेच दाखवतात.

शेठला आयुष्यात इतकी सोपी गोष्ट कुणी सांगितली नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं, की त्या मधल्या जागी लिहिणार कोण. सातही वारांचे बाजार त्यांना तोंडपाठ, वेळ तर रगड, त्यामुळे उत्तरही त्यांनीच देऊन टाकलं. मॅडमने त्यांना विकीवर प्रशासक केलं, म्हणजे पानं कुलूपबंद करायचा आणि पुसायचा अधिकार दिला.

तेव्हापासून शेठ रोज अंघोळ-देवपूजा उरकून, धुतलेलं धोतर नेसून कॉम्प्युटरसमोर बसत आणि एका बोटाने त्या दिवशीच्या बाजाराचं गाव टाइप करत. अख्खी पंचक्रोशी आपल्या त्या बोटावर चालते असं त्यांना वाटे, आणि त्यात फार चूक नव्हती. मोबाइलवाली पोरंसुद्धा फोन करून खात्री करत. शेठ पुन्हा मधे बसले होते. पत्नी लाडबाई म्हणायच्या की यांची तब्येत औषधाने सुधारली नाही, टायपिंगने सुधारली.

मग टेंभुर्णीत भाचीचं लग्न निघालं. शेठ तीन दिवस तिकडे जिलेबीच्या पंगतीत बसले आणि चौकट इकडे बोरखेडीच्या बाजारावर अडकून राहिली. भांडी विकणाऱ्या कचरूने दुसऱ्याच दिवशी चौकट पाहून टेम्पो भरला. बोरखेडीच्या बाजारतळावर त्याला चार कुत्री आणि एक पोस्टमन भेटला. शेठ परतल्यावर कचरू ओसरीवर येऊन बसला, पाणी प्याला आणि एक शब्दही वाकडा बोलला नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर शेठला बरं वाटलं असतं.

मॅडमला उपाय ठाऊक होता. आज कोणता वार, हे सांगणारं फंक्शन त्या सॉफ्टवेअरमध्ये मुळातच बसवलेलं असतं. साच्याने ते थेट बोलवायचं. ज्या वाराला जे गाव, ते आपोआप दिसेल. माणसाने रोज लिहायची गरजच नाही.

म्हणजे शेठने मधून उठायचं. पण हा माणूस पंचवीस वर्षं मधे बसलेला, तो उठायला सांगितल्यावर लगेच कसा उठेल? त्यांनी विषय समितीपुढे नेला. परिसरकोशाला समिती होतीच. गावात हातपंप बसला तरी समिती होते. अध्यक्ष काकासाहेब. त्यांनी कोश कधी उघडून पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांचं मत अगदी निःपक्षपाती असे.

‘‘सरळ मशिनीला इचारणं बराबर न्हाई,’’ काकासाहेब म्हणाले. ‘‘उद्या मशीन चुकली, तर आपण बोट कुणाकडं दाखवायचं?’’

असा बिनतोड मुद्दा पिंपळगावात बऱ्याच दिवसांत कुणी मांडला नव्हता. मग शेठने तोडगा काढला : फंक्शन राहू द्या, पण साच्याने त्याला थेट बोलवू नये. मधे ‘झुंबरलाल’ असा आपल्या नावाचा एक साचा ठेवावा. चौकटीने झुंबरलालला विचारावं, झुंबरलालने फंक्शनला विचारावं. मॅडमने सांगून पाहिलं की मधला साचा काहीच करणार नाही, फक्त इकडचं घेऊन तिकडे देईल. शेठ म्हणाले, बस, तेवढंच पाहिजे.

एवढ्यावर थांबलं असतं तर हे गाव कसलं? झुंबरलालच्या वर अध्यक्षांचा साचा हवा, हे ओघानेच आलं. अध्यक्षांचा झाल्यावर उपाध्यक्ष बद्रीनाथ जेवण टाकून बसले. मग सचिव, सहसचिव, दूध डेअरी, सोसायटी, भजनी मंडळ, दोन्ही गणेश मंडळं. माजी सरपंच कै. रामकिसन यांच्या स्मरणार्थ त्यांच्या चिरंजीवांनी एक साचा अर्पण केला, बसथांब्यावर बाकडं देतात तसा. काम एकच : मागच्याकडून घ्यायचं, पुढच्याला द्यायचं. समितीतल्या कुणालाही ते शिकवावं लागलं नाही. साचे बनवून मॅडमची बोटं दुखली, आणि प्रत्येक साच्याला शेठने इमानदारीने कुलूप लावलं.

एका साच्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असं किती खोल जायचं, याला सॉफ्टवेअरने चाळिसाची हद्द घातलेली असते. पृथ्वीवर इतर कुठे ती लागत असेल-नसेल, पिंपळगावात ती महिन्याभरात लागली. त्याच चिरंजीवांच्या युवा मंचाचा, चाळिशी ओलांडणारा साचा बसला आणि दुसऱ्या सकाळी सगळ्या गावांच्या पानांवर बाजाराच्या जागी तांबडी अक्षरं उमटली : साचे फार खोल गेले, पुढे जाता येत नाही. काकासाहेबांनी ताबडतोब मशीन चुकल्याचं जाहीर केलं.

शेठचा फोन सकाळपासून वाजत होता. आज बाजार कुठं, शेठ? उद्या कुठं? पार परतूरकडून माणसं विचारत होती. शेठ सांगत होते, खुलवून सांगत होते, रस्ता कुठला धरा तेही सांगत होते. बऱ्याच वर्षांत असा दिवस उगवला नव्हता. मनातल्या मनात त्यांनी त्या तांबड्या अक्षरांना नमस्कारही केला.

दुपारी मॅडम आल्या. हे सगळे साचे पुसायचे, चौकटीने फंक्शनला थेट बोलवायचं, दुसरा इलाज नाही, असं त्यांनी सांगितलं. पण कुलपं शेठची, आणि त्यांना डावलून ती उघडणं मॅडमला पटत नव्हतं. शेठने मनावर घेतलं तरच.

‘‘बाकीचे पुसतो,’’ शेठ म्हणाले. ‘‘माझा एक ऱ्हाऊ द्या. एकानं काय बिघडतंय?’’

‘‘काहीच बिघडत न्हाई, शेठजी,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘पर एक ठेवला की काकासाहेब इचारतील, यांचाच का.’’

हे खरं होतं, आणि शेठला ते मॅडमच्या आधीपासून ठाऊक होतं. तेवढ्यात फोन वाजला. कचरूच होता. टेम्पो भरून उभा होता आणि त्याला सकाळपासून शेठचा फोन लागत नव्हता; दर वेळी शेठ दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत असत. दोन गिऱ्हाइकं आणि अर्धा बाजार गेला, पण आता जायचं कुठं तेवढं सांगा, म्हणाला. शेठने गाव सांगितलं आणि फोन ठेवला. पंचक्रोशीतली माणसं आपल्यापाशी येतात याचा आनंद खरा होता. ती आपल्यापाशी अडकतात, हे आजवर त्यांनी स्वतःला कळू दिलं नव्हतं.

त्यांनी एकेक साचा पुसला. अध्यक्ष, उपाध्यक्ष, दोन्ही गणेश मंडळं, कै. रामकिसन. शेवटी ‘झुंबरलाल’ उरला. खरंच पुसायचं का, असं मशीनने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना त्यांच्याबद्दल थेट विचारत होतं. शेठने बोट दाबलं.

दुसऱ्या सकाळी ते सवयीने अंघोळ उरकून येऊन बसले. चौकटीत बाजाराचं गाव आधीच आलेलं होतं, अगदी बरोबर. फोन काही वाजला नाही. दहाच्या सुमारास कचरूचा टेम्पो समोरून गेला. त्याने हात केला, पण गाडी हळू केली नाही. योग्य वाटेला लागला होता.

लाडबाई आतून सगळं पाहत होत्या. लग्न झाल्यापासून त्या बाजाराला एकट्या कधी गेल्या नव्हत्या आणि आजही कुठे जाणार नव्हत्या. चहाचा कप त्यांनी टेबलावर ठेवला आणि उभ्या राहिल्या.

‘‘अहो, आज बाजार कुठं हाये?’’

सातही गावं ज्याच्या जिभेवर होती, तो माणूस चष्मा सारखा करत म्हणाला, ‘‘थांब, बघून सांगतो,’’ आणि पडद्याकडे वळला.