वणव्यानंतर आप्पांच्या खोल्या

दोन-तीन घरची माणसं वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी फिरायला जायला लागली की किस्से साचत जातात, अन् एक सांगायला घेतला की मागचे सगळे बाहेर यायची घाई करतात. आमचं तसंच झालंय. मी मंगरूळपीरला दुकानांचे बोर्ड रंगवतो. सिद्धार्थ तिथलाच वायरमन. दिनकरभाऊ अन् रेखावहिनी शेलूबाजारचे, शेतीवाले. दरवर्षी उन्हाळ्यात जीप करून आम्ही कोकणात आप्पांकडे जातो. समुद्राकाठी त्यांचं घर, मागं आंब्या-काजूची बाग अन् बागेत पाहुण्यांसाठी खोल्या. गावाचं नाव सांगत नाही. तुम्ही सगळे तिकडं जाल अन् आम्हाला खोली मिळायची नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला त्या गावावर डोंगरातून वणवा उतरला.

*

बातमी सिद्धार्थनं मोबाईलवर पाहिली. आप्पांचा फोन लागेना, त्यांच्या बायकोचा, म्हणजे सुलभाकाकूंचाही लागेना. माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही आळीपाळीनं लावत राहिलो. दिनकरभाऊ शेतातून तसाच, मातीच्या पायांनी येऊन बसला. कोणी चहासुद्धा मागवला नाही.

संध्याकाळी काकूंनी फोन उचलला. "माणसं सगळी वाचली हो," त्या म्हणाल्या. "अख्खं गाव वाळूवर जाऊन बसलं होतं. आप्पा गाईला सोडून येईनात. मग गाय पुढं, हे मागं, दोघं गुडघाभर पाण्यात उभे."

बाग गेली होती, खोल्या गेल्या होत्या. वारा फिरला म्हणून राहतं घर तेवढं उरलं. आम्ही हुश्श केलं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "पण तुमचं मे महिन्याचं बुकिंग आहे. आता तुम्हाला कुठं ठेवू?"

दिनकरभाऊनं माझ्या हातातून फोन घेतला.

"काकू, आमाले ठेवू नका. कामाले लावा."

*

निघताना दिनकरभाऊनं जीपच्या टपावर विळे, कुऱ्हाडी अन् ज्वारीचं पोतं बांधलं.

"कोकणात ज्वारी कायले?" सिद्धार्थनं विचारलं.

"दिवसभर जळकी लाकडं उचलायची, अन् भातावर भागते का तुह्यं?"

तिथं रेखावहिनी चुलीपाशी बसल्या अन् काकू त्यांच्याकडून ज्वारीची भाकर शिकायला लागल्या. काकूंची थापता थापता तुटायची. मग वहिनींनी हौसेनं काकूंची तांदळाची भाकरी करायला घेतली, तिचेही तुकडे पडले. दोघींच्या भाकरी एकाच टोपलीत आल्या.

आप्पा वणव्यापासून फारसं बोलत नव्हते. त्यांनी एक भाकरी उचलली, उजेडात धरून पाहिली अन् विचारलं, "हा नकाशा कोणी काढला?"

दोघी एकमेकींकडं पाहत बसल्या. मग काकूंना हसू फुटलं, ते थांबेचना. हसता हसता त्या रडल्या अन् पदरानं डोळे पुसून पुढची थापायला बसल्या.

*

पहिल्या खोलीच्या भिंती पुसून झाल्यावर सिद्धार्थ वायरिंगला लागला. आप्पा दारात आले.

"काय चाललंय?"

"वायर जोडून राह्यलो, आप्पाजी."

आप्पांनी मान हलवली अन् गेले. थोड्या वेळानं परत आले. "अजून आहेस?"

"हो जी. आता बोर्ड बसवून राह्यलो."

आप्पा विचारात पडले. वर पाहिलं तर छप्पर नाही, आकाश दिसतंय. मायेनं म्हणाले, "अरे, राहायला माझी ना नाही. पण इथं कशाला राहतोस? ओटीवर ये."

आमच्या वऱ्हाडात 'करून राह्यलो' म्हणजे 'करतोय', हे त्यांना समजावताना आमची पुरेवाट झाली. पण आप्पांना ते इतकं आवडलं, की शेजारी कोणी विचारायला आलं की तेच सांगायचे, "सिद्धार्थ आमच्याकडं वायर जोडून राहिलाय. तुमच्याकडं उद्या राहील." असा तो वाडीतल्या घराघरात राहून आला. ज्या घरी दिवा लागायचा, तिथली माणसं दुसऱ्या दिवशी आमच्यासोबत आप्पांची कौलं चढवायला हजर.

*

आता जरा कठीण गोष्ट.

आमचं निघायचं ठरलं होतं. जीपमध्ये बॅगा चढल्या होत्या, अन् पुण्याहून आप्पांचा मुलगा नितीन गाडी घेऊन आला. "पुरे झालं आता," तो म्हणाला. "घराला कुलूप लावू. तुम्ही दोघं माझ्याकडं चला." पोरगा वाईट नव्हता. बापाला जळक्या बागेत एकटं बसलेलं त्याला पाहवत नव्हतं.

काकूंची बॅग भरलेली दिसली. म्हणजे बोलणं आधीच झालं होतं. आप्पा ओटीवर चपला घालून बसले होते. आमच्याकडं न बघता म्हणाले, "पाहुणे घरात असताना कुलूप कसं लावायचं?"

नितीननं दिनकरभाऊला विचारलं, "काका, तुम्ही कधी निघताय?"

दिनकरभाऊनं जीपकडं पाहिलंसुद्धा नाही. "आमचं काय, बापू. पेरणीपर्यंत मोकळेच आहो."

आमचा ड्रायव्हर हे ऐकत होता. तो उठला अन् एकेक बॅग खाली उतरवू लागला.

नितीन आधी चिडला, मग बसून राहिला, मग एका सकाळी छपरावर चढलेला दिसला. खालून आप्पा ओरडत होते, "उलटं लावतोयस ते." कामाच्या नादात कुलपाचा विषय कोणीच काढला नाही. काकूंनी बॅगेतल्या साड्या काढून पुन्हा दांडीवर टाकल्या. नितीन पुण्याला एकटाच गेला, अन् त्यानंतरच आम्ही जीप काढली.

*

यंदाच्या उन्हाळ्यात पुन्हा गेलो. खोल्या उभ्या होत्या, बागेत नवी रोपं लावलेली होती. फाटकावरचा जुना बोर्ड तेवढा जळालेला होता. मी मंगरूळपीरहून पत्रा अन् रंग घेऊनच गेलो होतो.

"आप्पाजी, काय लिहू? जुनंच नाव?"

काकू म्हणाल्या, नाव लिहा. सिद्धार्थ म्हणाला, फोन नंबर टाका. रेखावहिनींना मासा काढलेला पाहिजे होता. आप्पांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"लिहा, 'चालू आहे'."

"अन् नाव?"

"नाव लोकांना ठाऊक आहे."