रिकामा परत आलेला डबा

त्या आठवड्यात आमच्या घरात गुन्हेगार मी होते आणि तपास माझी आई करत होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कोणाला कोडं पडायला नको. आईला आवडणाऱ्या इंग्रजी मालिकांमध्ये खुनी शेवटच्या दहा मिनिटांत कळतो. इथे तो पहिल्या दिवसापासून स्वयंपाकघरात उभा राहून तिच्यासाठी चहा गाळत होता.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची. पुण्याहून आमच्याकडे परदेशात, हिल्सबरोला येऊन तिला दोन वर्षं होत आली होती. नवरा इंजिनिअर, मी शहरात एका बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. सकाळी लेकीला शाळेला घेऊन आम्ही दोघं गाड्या काढून निघालो की दिवसभर घरात आई आणि खिडकीतून दिसणारं लाकडी कुंपण. पहिले सहा महिने ती भयंकर कंटाळली. बोलून दाखवलं नाही, पण माझी सगळी कपाटं तीन-तीनदा आवरून झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग कधीतरी कपडे वाळत घालताना कुंपणापलीकडच्या बाईंशी तिची ओळख झाली.

या बाई ऐंशीच्या पुढच्या, मूळच्या इंग्लंडच्या, लग्नानंतर नवऱ्याबरोबर बोटीने इथे आलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलता एक मुलगा दूर दुसऱ्या शहरात, पामर्स्टन नॉर्थला राहत होता. त्या शाळेच्या लायब्ररीत नोकरीला होत्या हे कळल्यावर आईने त्यांना ‘बाई’ म्हणायला सुरुवात केली, शाळेतल्या शिक्षिकांना म्हणतात तसं. त्यांनीही ते नाव विनातक्रार घेतलं.

दर गुरुवारी दुपारी तीन वाजता बाई आमच्याकडे यायच्या, कारण आमचा टीव्ही मोठा होता आणि आईला पडद्यावर खाली संवादांची अक्षरं लावून लागायची. मग दोघी मिळून एक खून बघायच्या. गुरुवारी मी घरून काम करायचे, त्यामुळे शेजारच्या खोलीतून मला सगळं ऐकू यायचं. हिरवंगार खेडं, चर्च, फुलांचं प्रदर्शन आणि त्यात कोणीतरी उताणं पडलेलं. आईला त्या लोकांची एकच गोष्ट खटकायची. घरात प्रेत पडलंय आणि ही माणसं केक कसा खाऊ शकतात, असं ती मला दर आठवड्याला विचारायची.

बाईंनी त्या मालिकांमागच्या सगळ्या कादंबऱ्या केव्हाच वाचलेल्या. त्यांना खुनी आधीच माहीत असायचा, पण जीव गेला तरी त्या सांगायच्या नाहीत. मध्येच टीव्ही थांबवून आईने संशयिताचं नाव सांगायचं, हा नियम होता. टीव्हीवाल्यांनी कधी पुस्तकातला खुनी बदलला तर बाई लालबुंद व्हायच्या आणि घरी जाऊन पिवळी पडलेली प्रत घेऊन यायच्या. ते पान आई बोट ठेवून, अक्षर लावत वाचायची. ठाण मांडून इंग्रजी पुस्तक वाचणारी माझी आई मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

आईचा संशय बहुतेक वेळा बरोबर निघायचा. तिची पद्धत साधी होती. घरातलं माणूस नाहीसं झालं की बाकीचे प्रश्न विचारून पोलिसांचं डोकं खातात. कुठे गेली, कधी येणार, जेवली होती का. ज्याला काय झालंय ते ठाऊक असतं त्याला प्रश्नच पडत नाहीत. “गप्प बसतो ना, त्याच्यावर नजर ठेवायची,” असं ती मला जेवताना सांगायची, आणि मी फोनवर इमेल बघत मान डोलवायचे.

सोमवारी सकाळी आई आंघोळीला गेली असताना बाईंच्या दारात अँब्युलन्स आली. मी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला बाहेर पडले होते. स्ट्रेचरवर बाईंचा फक्त पांढरा हात दिसला. दुपारी त्यांच्या मुलाचा मला फोन आला. माझा नंबर बाईंच्या फ्रिजवर लावलेला होता, म्हणाला. मोठा स्ट्रोक होता आणि डॉक्टर काही दिवसांचीच आशा देत होते. बाईंना फारसं बोलता येत नव्हतं, पण बोलण्यातून ज्या दोन-तीन गोष्टी कळत होत्या त्यात एक माझी आई होती. त्या तिला सारखं विचारत होत्या. तुम्ही त्यांना आणू शकाल का, असं त्याने फार संकोचून विचारलं. मी ‘ऑफ कोर्स’ म्हटलं.

आणि आणलं नाही. कारण शुक्रवारी आईची व्हिसासाठीची वैद्यकीय तपासणी होती. ती नीट पार पडली तर आई कायमची आमच्याजवळ राहू शकणार होती. तिचं ब्लड प्रेशर म्हणजे एक नाजूक प्रकरण. मागच्या महिन्यात जरा कुठे वाईट बातमी ऐकली आणि ते वर गेलं, डॉक्टरांनी गोळी बदलली. शुक्रवारपर्यंत हिच्या कानावर काही जाऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. नवऱ्याने एकदा सांगून टाक म्हणून पाहिलं. मी त्याच्यावरच डाफरले.

आमच्या घराण्यात वाईट बातमी लगेच सांगायची पद्धत नाही. कोणाची परीक्षा असते, कोणी बाळंत व्हायचं असतं, कोणी प्रवासात असतं. आधी ते होऊ दे, मग वेळ बघून सांगू. याला कोणी खोटं बोलणं म्हणत नाही, उलट माया म्हणतात. माझे बाबा गेले तेव्हा मी इथेच होते आणि मला सातवा महिना होता. ते चार दिवस अतिदक्षता विभागात होते आणि चारही दिवस आई मला फोनवर सांगत होती की साधा ताप आहे, आत्ताच झोपलेत. पाचव्या दिवशी खरं सांगितलं तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या गोष्टीला आठ वर्षं झाली. मी आईला त्यावरून एक शब्द बोलले नाही, पण ते मला आतून कुरतडत राहिलं आहे. आणि सोमवारी संध्याकाळी आईने बाईंच्या घरात अंधार का, असं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून सहज निघालं, “मुलाकडे गेल्यात, पामर्स्टन नॉर्थला. येतील चार दिवसांनी.”

आई म्हणाली, न सांगता कशी गेली. मी म्हटलं, घाईत असतील. तेवढ्यावर ते मिटलं असं मला वाटलं.

मंगळवारी सकाळी तिने पोळ्या लाटता लाटता दुसरा मुद्दा काढला. मागच्या गुरुवारी त्यांनी बघितलेली गोष्ट दोन भागांची होती. पहिला भाग संपताना आईने खुनी म्हणून डॉक्टरचं नाव सांगितलं होतं आणि बाई नुसत्या हसल्या होत्या. आईचा अंदाज बरोबर की चूक हे उघड होताना तिचं तोंड बघितल्याशिवाय बाई गावाला जाणं शक्यच नाही, असं आईचं म्हणणं. मी विषय बदलला. ऑफिसात दिवसभर फोन उलटा ठेवला, आणि दर पाच मिनिटांनी सुलटा करून बघितला. हॉस्पिटल आमच्या घरापासून वीस मिनिटांवर होतं आणि ते अंतर मला दिवसभर छळत होतं.

बुधवारी डबा आला.

हा आईचा छोटा स्टीलचा डबा. दर शनिवारी ती त्यात काहीतरी घालून बाईंना द्यायची. कोथिंबीर वडी, रव्याचा लाडू, नाहीतर कमी तिखटाचे पोहे. पहिल्यांदा बाईंनी तो घासूनपुसून रिकामा परत केला होता. तेव्हा आईने आपल्या मोडक्या इंग्रजीत त्यांना समजावलं होतं की आमच्यात शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. त्यानंतर बाईंनी एकदाही चुकवलं नाही. कधी दोन लिंबं, कधी परसातली फिजोआची हिरवी फळं. एकदा घरात काहीच नव्हतं म्हणून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं कापून घातलं होतं, आणि आईने ते अजून जपून ठेवलं आहे.

मी संध्याकाळी घरी आले तेव्हा तो डबा टेबलावर उघडा होता. कुंपणाला पिशवीत अडकवलेला मिळाला, असं आई म्हणाली. बाईंचा मुलगा घर बघायला आला असणार आणि जाताना त्याने तो भल्या मनाने अडकवला असणार. आईने डबा माझ्यासमोर सरकवला. आत काही नव्हतं.

“हा तिने परत केलेला नाही,” आई म्हणाली.

मी हात धुवायला गेले. नळ सोडून बराच वेळ तिथेच उभी राहिले. एवढ्यात बाईंच्या मुलाचा मेसेज आला की बाई आता बहुतेक झोपूनच असतात, यायचं असेल तर लवकर या. मी उत्तर पाठवलं की आम्ही शुक्रवारी दुपारी नक्की येतो. तपासणी सकाळी अकराला होती. बारा वाजता तिथून निघायचं, गाडीत बसवून सगळं सांगायचं आणि थेट हॉस्पिटल गाठायचं, असा माझा चोख आराखडा तयार होता. चाळीस तास काढायचे होते. बाईंनी तेवढं थांबावं म्हणून मी खरोखर मनातल्या मनात त्यांच्या विनवण्या करत होते.

गुरुवारी सकाळी मी मशीनमधून कपडे काढत असताना त्याचा पुढचा मेसेज आला. बाई पहाटे गेल्या होत्या, शांतपणे, झोपेत. मी तो दोनदा वाचला. आणि त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. आता घाई राहिली नाही, असं वाटलं. आता उद्यापर्यंत थांबायला काहीच हरकत नाही. मी ओले कपडे बाहेर नेऊन एकेक नीट चिमट्यांनी अडकवले आणि लॅपटॉपसमोर जाऊन बसले.

तीन वाजता आईने हाक मारली. मी कॉलवर होते, येते म्हणाले. तिने पुन्हा हाक मारली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली आणि मी कॉल सोडून उठले.

टीव्ही बंद होता. टेबलावर चहाचे दोन कप होते. आईने मला बाईंच्या खुर्चीत बसायला सांगितलं. ती स्वतः उभीच होती, अंगात स्वेटर, पायात मोजे आणि बाहेरच्या चपला. हातात तोच डबा होता, या वेळी भरलेला. त्यातून तुपाचा वास येत होता. सकाळी ती रवा भाजत होती ते मी बघितलं होतं आणि विचारलंही नव्हतं की कोणासाठी.

तिने आपला तपास हळू आवाजात सांगितला. दोन भागांची गोष्ट, रिकामा डबा, आणि बाईंचा वाचायचा चष्मा, जो गेल्या गुरुवारपासून आमच्याच सोफ्यावर राहिला होता. तो न्यायला आल्याशिवाय ती बाई पामर्स्टन नॉर्थला गेलीच नसती. त्यामुळे ती आजारी आहे आणि हॉस्पिटलात आहे, एवढं आईला कालच कळलं होतं.

“आणि तुला ते माहीत आहे,” ती म्हणाली. “चार दिवसांत तू एकदाही विचारलं नाहीस, आई, बाईंचा काही फोन आला का म्हणून.”

मी समोरचा कप जवळ ओढला.

“प्रेशरसाठी ना? मला कळतं. मी सकाळी गोळी घेतली आहे. शांत आहे मी. चल, मला तिच्याकडे ने.”

आई डबा घेऊन दाराजवळ उभी होती आणि मी त्या खुर्चीत बसून तिला सांगितलं की बाई गेल्या. तिने कधी विचारलं. आज पहाटे, मी म्हटलं. तिने डब्याचं झाकण अंगठ्याने उगाचच दाबून घट्ट केलं. मग विचारलं, “तिने मला बोलावलं होतं?”

इथे मला अजून एक खोटं बोलता आलं असतं. ते जिभेवर तयारही होतं. “सोमवारपासून,” मी म्हणाले.

आई ओरडली नाही, रडलीही नाही. तिने चपला काढल्या, आत जाऊन डबा ओट्यावर ठेवला आणि खिडकीशी उभी राहून पलीकडच्या कुंपणाकडे बघत राहिली. माझा चहा तसाच निवला. संध्याकाळी तिने मला बाईंच्या मुलाला फोन लावायला लावला आणि त्याच्याशी स्वतः बोलली. अंत्यसंस्कार कधी आहेत ते विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवलं. माझ्याशी ती जेवताना भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढंच बोलली.

शुक्रवारी अकरा वाजता डॉक्टरांनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, तिच्याही आणि माझ्याही. पट्टा फुगत गेला तशी मी यंत्रावरच्या आकड्यांकडे बघत राहिले. डॉक्टर आकड्याकडे बघून इथल्या बोलीत म्हणाल्या, “स्वीट अ‍ॅज, एकदम नॉर्मल.” त्यांनी खात्रीसाठी पुन्हा एकदा मोजलं. पुन्हा नॉर्मल.

गाडीत बसून तिने सीटबेल्ट लावला, पर्स मांडीवर घेतली. मी किल्ली फिरवणार तेवढ्यात ती समोर बघतच म्हणाली, “मी सहन केलं असतं.”

“हो,” मी म्हणाले.

“सातव्या महिन्यातसुद्धा तू सहन केलं असतंस. चार दिवस होते. बाबांशी फोनवर तरी बोलली असतीस. ते विचारत होते तुला.”

हे मला आठ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.